तिसरी ललकारी

१

लोकांना वाटतं, आवाजाच्या धंद्यातला माणूस आवाज जमवत असेल. मी तर तीस वर्षं आवाज काढून टाकत आलोय. वक्त्याचा खोकला, निवेदिकेचा श्वास, मागे कुणीतरी ओढलेली खुर्ची, पंख्याची घरघर. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून सात-आठ मिनिटं मी सहज खरवडून काढतो आणि ऐकणाऱ्याला काही गेल्याचा पत्ता लागत नाही. लागला तर काम फसलं म्हणायचं. माझ्या कामाला अजून कुणी तसं म्हटलेलं नाही. फुशारकी समजा हवं तर.

राजवाड्याच्या संग्रहालयाचं काम मात्र मला ह्या हातखंड्यामुळे मिळालं नाही, बाबांमुळे मिळालं. तिथे येणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावायचा, त्यांनी भिंतीवरचा आकडा बघून बटण दाबायचं आणि समोरच्या वस्तूची माहिती ऐकायची, अशी योजना होती. एकूण चौदा थांबे. शस्त्रं, पोशाख, पालख्या, शिकारीचे फोटो, वगैरे. चौथा थांबा दरबार हॉलचा. संग्रहालयाच्या क्युरेटर बाई तरुण, हुशार आणि कायम घाईत. आपल्याच दारावर वर्षानुवर्षं तिकिटं फाडणारा म्हातारा म्हणजे संस्थानाचा शेवटचा चोपदार, हे त्यांना कुठल्याशा जुन्या हजेरीपटात सापडलं आणि त्या थेट आमच्या घरी आल्या.

संस्थान विलीन झालं, कारभार गेला, फौज गेली, तरी मानाचा म्हणून दरबार वर्षातून एकदा भरायचा. मग तोही बंद झाला. बाबा तेव्हा तिशीत होते. त्यांची चांदीने मढवलेली काठी काचेच्या कपाटात गेली आणि ज्या दारात ते ललकारी द्यायचे त्याच दारावर त्यांना तिकिटं फाडायला उभं केलं. स्टूल दिलं होतं, पण त्यावर ते कधी बसले नाहीत. सत्तावीस वर्षं उभ्याने काढली. आई असताना म्हणायची, ह्यांचे गुडघे संस्थानच्या मालकीचे आहेत, आपल्याला नुसते सांभाळायला दिलेत.

आता ते एक्याऐंशीचे होते. हृदय कमजोर झालं होतं आणि संध्याकाळी पाय सुजायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही, पाय उशीवर घेऊन पडायचं. ते पडून असायचे. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

२

ध्वनिमुद्रण सोमवारी, संग्रहालय बंद असतं त्या दिवशी ठेवलं. सकाळी नऊची वेळ. सफाईच्या मावशींनी आम्हाला दार उघडून दिलं आणि बादली घेऊन त्या बाहेरच्या जिन्याकडे गेल्या.

हॉल मोठा, लांबट. दोन्ही बाजूंना भिंतीलगत एकतीस-एकतीस खुर्च्या, त्यांच्यापुढे माणसाने जाऊ नये म्हणून मखमली दोर. दाट लव असलेला लाल गालिचा हॉलभर, दारापासून थेट पलीकडच्या चौथऱ्यापर्यंत, खुर्च्यांखालून दोन्ही भिंतींना भिडलेला. चौथऱ्यावर चांदीचं सिंहासन. त्याला बाबा गादी म्हणायचे. उजवीकडे सरदार, डावीकडे कारभारी आणि अंमलदार. कुठल्या खुर्चीवर कुठलं घराणं, हे बाबांना तोंडपाठ होतं. तिसऱ्या खुर्चीवरून पाचव्या खुर्चीवर आणलं म्हणून एक घराणं दोन पिढ्या रुसून बसलं होतं, आणि त्यांची जागा दोन पिढ्या रिकामी ठेवली होती. हे सांगताना बाबांना हसू येत नव्हतं. मला आलं, ते मी माइक लावण्यात दडवलं.

"ललकाऱ्या तीन," बाबा म्हणाले. "पहिलीला सगळे उठतात. मग महाराज दारातून आत येतात. दारापासून गादीपर्यंत बावीस पावलं. ते बसले की दुसरी. दुसरीला सगळे बसतात."

"आणि तुम्ही?"

"चोपदाराला कुठली आलीये खुर्ची. तिसरी बरखास्तीची. महाराजांनी मान हलवली की ती म्हणायची. ती झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. एका सरदाराला बसल्या जागी निरोप आला होता, आई अत्यवस्थ आहे म्हणून. बसून राहिला. बरखास्ती झाल्यावर पळाला, तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं."

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी त्याला दोन खुर्च्या वर बसवला."

मी म्हटलं, तिसरी नको, दोनच घेऊ. लोक ऐकून आपापले पुढच्या दालनात जातील.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आपापले कसे जातील?"

मी यंत्र सुरू केलं. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, चौकटीपाशी आपल्या ठरलेल्या जागी उभे राहिले आणि पहिली ललकारी दिली. वीस वर्षांत मी ह्या माणसाला चहा मागण्यापलीकडे आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. छातीत काही उरलं नाही म्हणतात ती छाती कुठून तरी भरली. महाराजांच्या पदव्या एकामागून एक आल्या, शेवटचा 'उठावं' लांबत लांबत चौथऱ्यापर्यंत गेला. मग बाबा गप्प उभे राहिले, बराच वेळ, आणि मग त्यांनी दुसरी दिली. ती खालच्या पट्टीत, मऊ. 'बसावं.'

मी यंत्र बंद केलं. वायरी गुंडाळत असताना बाबा गादीकडे तोंड करून थांबलेले दिसले. मग त्यांनी काहीतरी लांबलचक म्हटलं. स्वतःच्या समाधानासाठी म्हणत असतील, असं समजून मी लक्ष दिलं नाही.

३

घरी येऊन काम सुरू केलं तेव्हा पहिल्या ललकारीनंतर मला एक आवाज मिळाला.

कापडाचा. जड, कडक, पुष्कळ कापड एकदम हलल्याचा, आणि त्याच्याखाली लाकडाची बारीक करकर. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एकदम उठतात तेव्हा होतो तसा. मी तो सहा वेळा ऐकला. खिडकीचा पडदा म्हणावा तर खिडक्या बंद होत्या. बाबांचं धोतर म्हणावं तर एका धोतराचा एवढा घोळ होत नाही. मोठ्या रिकाम्या खोल्या विचित्र वागतात, बाहेरचा आवाज आत आणून भलताच करून दाखवतात. मावशींनी जिन्यात काही झटकलं असेल, म्हणून मी तो विषय मिटवला.

मग त्या शांततेत पावलं ऐकू आली. सावकाश, जाड गालिच्यावरची. मी मोजली. बावीस.

बाबा पलंगावर पडले होते. मी विचारलं, "तुम्ही मधे पाय आपटत होतात का, मोजण्यासाठी?"

"मी कशाला पाय आपटू?"

"मग बावीस कशी मोजलीत? मनातल्या मनात?"

"मनात कशाला," बाबा म्हणाले. "ऐकू येत होती की." आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या ललकारीनंतर तोच कापडाचा आवाज पुन्हा होता, ह्या वेळी खाली जाणारा, आणि शेवटी एक सुस्कारा. मी रीतसर सगळं पुसलं. माझं कामच ते आहे.

क्युरेटर बाईंना पाठवलं तर त्यांचा लगेच फोन. "सुंदर झालंय, पण फार लांब आहे हो. मधली एवढी शांतता कोण ऐकणार? बटण बिघडलं वाटेल लोकांना. पहिली घोषणा जोरदार आहे, तिथेच संपवू या का?"

मी वाद घातला नाही. मलाही तेच वाटत होतं. शांतता आणि दुसरी ललकारी कापली आणि चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवून दिला. दोन मिनिटांचं काम होतं.

४

शनिवारी सकाळी उद्घाटन झालं. बाबांना शाल दिली, फोटो काढले, आणि चौथ्या थांब्याचा पहिला हेडफोन मानाने त्यांच्या कानाला लावला. ते पाहुण्यांच्या बाकावर बसले होते. त्यांचाच आवाज त्यांच्या कानात गेला आणि ते ताठ उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या तरी ते उभेच. हेडफोन दोन्ही हातांनी दाबून ऐकत होते.

"आजोबा, संपलं," क्युरेटर बाई म्हणाल्या. "बसा ना."

"पुढचं?"

"पुढचं नाहीये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. मी लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर आईला कळायच्या आत बघायचे तसं पाहिलं. तेवढ्यात पुढच्या माणसाने बटण दाबलं, मग त्याच्या पुढच्याने. रांग मोठी होती.

बाबा गाडीत बसेनात. पाऊण तास चालत घरी आलो, मी शाल धरून, ते पुढे. घरी आल्यावर स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्यामधल्या बोळात, चौकटीला खांदा लावून उभे राहिले. जेवण उभ्याने. ही म्हणाली, "सासरे आहेत की पहारेकरी? ताट वाढून आत जायची चोरी झालीये." तेव्हा आम्ही हसलो. संध्याकाळी पाय पोटरीपर्यंत टम्म झाले तेव्हा हसू गेलं.

"बाबा, बसा. मी पाया पडतो तुमच्या."

"ते सगळे उभे असताना मी कसा बसू?"

"कोण सगळे?"

"तू उभे केलेस ते."

मी संगणक बोळात आणला आणि न कापलेली दुसरी ललकारी त्यांना ऐकवली. ते मान कलती करून ऐकत राहिले. "चांगली आलीये," म्हणाले. "पण इथे वाजवून काय उपयोग. ते तिथे आहेत."

रात्री ते पडू नयेत म्हणून त्यांच्या आणि बोळातल्या कपाटाच्या मधे उशा कोंबल्या. रविवारी सकाळी डॉक्टर आले. गोडीने सांगून झालं, दरडावून झालं, शेवटी त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. बाबा उभ्याने झोपले. आम्ही तिघांनी धरून पलंगावर आडवं केलं, तर डोळे मिटलेले असतानाच उठले आणि परत चौकटीपाशी गेले. डॉक्टर मला जिन्यात घेऊन गेले. "हे असंच चाललं तर उद्याची रात्र निघणार नाही," म्हणाले. "मला औषधं माहीत आहेत हो. हे काय आहे ते मला माहीत नाही."

५

रविवारी दुपारी मी संग्रहालयात गेलो. क्युरेटर बाईंना म्हटलं, चौथा थांबा बंद करा, नाहीतर पूर्ण ललकारी घाला. त्या म्हणाल्या, यंत्रणा बसवणारी माणसं परगावची, आता पुढच्या आठवड्यात येतील. "आणि तोच तर सगळ्यांना आवडतोय. काल दिवसभरात दोनशे वेळा वाजलाय."

दोनशे वेळा उठवलं होतं, आणि एकदाही बसवलं नव्हतं. हा विचार माझा नव्हेच असं मी स्वतःला सांगितलं. बाबांचं ऐकून ऐकून डोक्यात शिरला असणार.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही मशीनवाले ना? जरा गालिचा बघता का?"

दोराच्या आत, खुर्च्यांच्या पुढे, गालिच्याची लव दबलेली होती. प्रत्येक खुर्चीसमोर दोन पावलं, बोटं मधल्या वाटेकडे. टाचेचा बूट नव्हता, अनवाणी पाय होते. मी वाकून पाहिलं. डावीकडच्या नवव्या खुर्चीपुढे पावलांशेजारी एक गोल खळगा होता, काठीच्या टोकाएवढा. उजवीकडच्या दुसऱ्या खुर्चीपुढे टाचा जेमतेम उमटल्या होत्या आणि बोटं खोल रुतली होती. पाय दुखून आल्यावर माणूस पुढे झुकतो ना, तशी.

"काल सांजच्याला मशीन फिरवलं," मावशी म्हणाल्या. "आज सकाळी पुन्हा. दोन तासांत परत येतं, आणि जास्तच खोल. माती नाही, ओल नाही. पोरंटोरं म्हणावीत तर दोर तसाच."

खुर्च्या हलवताना ठसे पडले असतील, मी म्हटलं. पुतळे ठेवले असतील पूर्वी. मावशींनी मान डोलावली, पण त्या दाराच्या आत आल्या नव्हत्या. माझ्या ध्यानात आलं की त्यांच्याशी बोलताना मीही एका बाजूला सरकून उभा होतो, मधली वाट मोकळी ठेवून. ते मला अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन बाबांना म्हटलं, "उद्या सोमवार आहे. बंद असेल. आपण जाऊ आणि तुम्ही त्यांना बसवा. मग तुम्ही बसाल?"

"बसवलं की बरखास्तही करावं लागेल," बाबा म्हणाले. "बघू, मान हलते का."

ही चिडली. "अहो, ह्या स्थितीत त्यांना कुठे नेताय? दवाखान्यात न्या." तिचं बरोबर होतं. पण दवाखान्यात खाटेवर पडायचं कुणी? मी त्यांना बसवायचं ठरवलं होतं आणि मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

६

सकाळी साडेआठला निघालो ते साडेनऊला पोचलो. मावशींनी दार उघडलं आणि त्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. बाबांचे पाय चपलेत मावत नव्हते, ते अनवाणीच आले होते. त्यांना काठी हवी होती. ती काचेत, आणि किल्ली बाईंकडे. शेवटी मी माइकचा स्टँड त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो नीट जोखून पाहिला आणि पकडला. ध्वनिमुद्रक मी सवयीने सुरू करून खिडकीत ठेवला.

मी दोर ओलांडून डावीकडच्या खुर्च्यांपाशी उभा राहिलो, बाबांपासून दहा पावलांवर. गरज पडली तर धरता यावं म्हणून.

त्यांनी पहिली ललकारी दिली. आवाज आठवड्यापूर्वीच्या निम्माही नव्हता. कापडाचा आवाज झाला नाही. उठायला कुणी बसलेलं नव्हतंच.

मग पावलं आली. दाराकडून आली, बाबांच्या समोरून, मधल्या वाटेने. मी आयुष्यभर हेडफोनमधून ऐकत आलोय, कानाबाहेरचा आवाज मला लगेच कळतो. मी मोजत होतो आणि गालिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बाविसाव्याला मान वर केली. गादीवरचा तक्क्या एका बाजूने हळूहळू दबला, मग दुसऱ्या बाजूने. जड माणूस गुडघे सांभाळत बसतो तसा. खालच्या चौरंगाची झालर हलली आणि तिच्यापाशी काहीतरी येऊन टेकलं. पाय असावेत. मी नजर खाली घेतली, मानाने नव्हे, भीतीने.

'बसावं,' बाबा म्हणाले.

सगळीकडून कापड खाली आलं. सुस्काराही आला, आणि तो फार जवळून, दोन्ही बाजूंनी आला. मला हायसं वाटलं, अगदी गुडघ्यांपर्यंत. आणि मग मला कळलं की मी बसलेलो आहे. मागे खुर्ची होती आणि मी तिच्यात होतो, हात मांड्यांवर ठेवून.

बाबा उभे होते. गादीकडे बघत होते, मान हलायची वाट बघत. मी म्हटलं, "बाबा, झालं. चला घरी." शब्द कसेबसे कुजबुजीत निघाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुठे बसलोय ते त्यांना दिसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ते पुन्हा गादीकडे वळले. आता ते वाट बघत नव्हते, विनवत होते. मी त्यांना कुणापुढे तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

मान हलली नसावी. स्टँड त्यांच्या हातातून निसटला. ते चौकटीला घासत खाली आले, आधी गुडघ्यांवर आणि मग कुशीवर.

मी उठलो नाही.

मला कुणी धरलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. खांद्यावर हात नव्हता, पाय बधिर नव्हते. बुटातली बोटं मी हलवून पाहिली, ती हलली. फक्त उठायचं नव्हतं. शाळेत मास्तर फळ्यापाशी असताना उठायचं नसतं, तेवढंच. ते कळत होतं आणि ते पुरेसं होतं. बाप दहा पावलांवर पडलाय, ऊठ, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि बसून होतो. मला लाज वाटत होती. मी रडत होतो आणि डोळे पुसायला हातही उचलत नव्हतो.

बाबांचे ओठ हलत होते. डोळे गादीवर होते. मग ते डोळे तिकडून निघाले, सगळ्या खुर्च्यांवरून फिरत माझ्यावर आले. त्यांनी श्वास जमवायला घेतला. एक हुकला, दुसरा हुकला. किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी त्यांनी माझं लहानपणीचं नाव घेतलं, फक्त आई आणि ते घ्यायचे ते.

"ऊठ," म्हणाले.

मी उठलो. दोर तुडवून त्यांच्यापाशी गेलो, डोकं मांडीवर घेतलं. तोवर झालं होतं.

७

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं असणार, त्यांना काही कळलंही नसेल, तुम्ही जवळ असून काही करू शकला नसतात. मी मान हलवली. हिने एकदाच विचारलं, "तुम्ही तिथेच होतात ना हो?" मी हो म्हटलं.

भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. सुटले. उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरले नाहीत, शेवटही आपल्या जागी आला. क्युरेटर बाई रडल्या. त्यांनी चौथा थांबा बंद केलाय, आणि मी तयार असेन तेव्हा तो पूर्ण करून द्यावा अशी त्यांची इच्छा आहे.

खिडकीतला ध्वनिमुद्रक चालूच राहिला होता. तेराव्या दिवशी मी ते ऐकलं, काहीही न पुसता. पहिली ललकारी आहे. बावीस पावलं आहेत. दुसरी आहे, आणि तिच्यामागचं कापड. मग बाबांचा श्वास आहे, अकरा मिनिटं. डॉक्टरांना मी हे सांगणार नाही. अकरा मिनिटं तो श्वास शब्द जमवत होता आणि दहा पावलांवर एक धडधाकट माणूस बसून होता.

मग माझं नाव, आणि 'ऊठ'. आणि मग एक खुर्ची करकरते.

मी आवाज वाढवला. पुन्हा लावलं, हेडफोन कानात रुतेपर्यंत दाबून. मला ऐकायची होती ती बाकीची मंडळी, कापड एकदम वर जाताना. ते कुठेच नाही. माझ्या एकट्याची खुर्ची वाजली. त्यानंतर माझं रडणं आहे, आणि त्या रडण्याच्या मागे भरलेल्या खोलीत असते तशी शांतता. रिकाम्या खोलीची वेगळी असते. तीस वर्षांत एवढं मी शिकलोय.

ती बरखास्ती नव्हती. मान हलली नव्हती आणि तिसरी ललकारी झाली नव्हती. बाबांनी जन्मात एकदाच, कुणाला न विचारता, एका माणसाला उठवलं. बाकीचे बसलेले आहेत. तिसरीचे शब्द कुठे लिहिलेले नाहीत, मी सगळी दप्तरं पालथी घातली. ती एकदा माझ्यासमोर म्हटली गेली होती आणि मी वायरी गुंडाळत होतो.

हिला मी सांगितलेलं नाही. ती म्हणते, निदान आता त्यांचे पाय तरी दुखत नसतील. मी हो म्हणतो. दरबार संपेपर्यंत चोपदाराने दार सोडायचं नसतं, आणि तो दरबार आता कोण संपवणार? मी त्यांना तिथे बसवायला म्हणून घेऊन गेलो होतो.